माझ्या नोकरीतला एक इंग्रजी शब्द

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पाचवीच्या वर्गात आठ दिवस बसलो होतो, पण ते मी धरत नाही. आमची सून तिच्या मैत्रिणींना सांगते की पापाजींना इंग्लिश अजिबात येत नाही. ते खरं नाही. मला इंग्रजीतला एक शब्द येतो, आणि तो इतका येतो की सून ज्या शाळेत शिकवते तिथल्या इंग्रजीच्या बाईंनी खुशाल माझ्यासमोर येऊन बसावं. तो शब्द म्हणजे कीप.

मी नगर जिल्ह्यातला. आमच्या भागातल्या एका मोठ्या अधिकाऱ्यानं मला घरकामासाठी दिल्लीला आणलं आणि दोन वर्षांनी केंद्र सरकारच्या एका ऑफिसात चिकटवलं. आधी शिपाई, पुढे दफ्तरी. हल्लीच्या पोरांना दफ्तरी म्हणजे काय ते कळत नाही. काम संपलेल्या फायली ज्या खोलीत जातात, त्या खोलीचा माणूस म्हणजे दफ्तरी. आमची रेकॉर्डरूम तळघरात होती. छतापर्यंत लोखंडी रॅक, कापडात बांधलेले बस्ते, एक टेबल, एक ट्यूबलाइट आणि मी. मला त्या खोलीचा कधी कमीपणा वाटला नाही. वर साहेब बदलायचे, मंत्री बदलायचे, पाट्या बदलायच्या. खाली मीच.

फाइल खाली पाठवण्याआधी वरचे बाबू तिच्या पुठ्ठ्यावर शेरा लिहीत. शेरे तीन. पहिल्या वर्गाची फाइल कायमची ठेवायची आणि तिचे फोटो काढून तेही ठेवायचे. दुसऱ्या वर्गाची कायमची ठेवायची, पण फोटो नको. तिसऱ्या वर्गाची अमुक वर्षं ठेवायची आणि मग फाडायची. तिन्ही शेऱ्यांची सुरुवात एकाच शब्दानं, कीप. पहिल्या वर्षी मला हे फार खटकलं. मी हेडक्लार्कला जाऊन विचारलं, "साहब, जो फाडनी है उसपर भी कीप क्यों लिखते हो?"

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "फाडने तक कौन संभालेगा? तू. इसीलिए."

हे उत्तर मला पटलं. तेव्हापासून मी त्या शब्दाच्या मागे लागलो. ऑफिसात तो जिथे तिथे होता. कागदावर साहेब लिहायचे, कीप पेंडिंग. म्हणजे आत्ता हात लावू नका. कीप इन व्ह्यू, म्हणजे कागद पुरू नका, डोळ्यांसमोर असू द्या. कीप मी इन्फॉर्म्ड असं लिहिलं की समजायचं, साहेबांना त्यात काही करायचं नाही, पण उद्या गडबड झाली तर ओरडायला जागा हवी आहे. रस्त्यावर कीप लेफ्ट. औषधाच्या बाटलीवर कीप म्हणजे मुलांच्या हाताला लागू देऊ नका. लिफ्टमध्ये, बँकेत, दवाखान्यात, जिथे भिंत तिथे कीप. एका साहेबांनी मला "कीप इट अप" म्हटलं आणि मी फाइल उचलून वरच्या रॅकवर टाकली, असा एक किस्सा ऑफिसात माझ्या नावावर खपवला जातो. खोटा आहे. असं करणारा माणूस आमच्या मजल्यावरचा दुसरा एक शिपाई होता. तो आता नाही, म्हणून मी जास्त बोलत नाही.

आपलं ठेवणं तरी कुठे कमी आहे म्हणा. आपण चहा ठेवतो, पाऊल ठेवतो, विश्वास ठेवतो. मुलाचं नाव ठेवतो ते वेगळं आणि शेजारणीला नावं ठेवतो ते वेगळं. पण आपल्या ठेवण्यात वस्तू हातातून सुटते. ठेवली की हात मोकळा. इंग्रजांच्या कीपमध्ये हात मोकळा होत नाही. हे मला कुणी शिकवलेलं नाही, मी स्वतः त्या तळघरात बसून शोधून काढलं आहे.

आता चावीचं सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

रेकॉर्डरूमची चावी ऑफिसच्या बाहेर जाता कामा नये, असा नियम होता. संध्याकाळी कुलूप लावायचं, चावी पाकिटात घालायची, पाकिटाच्या तोंडावर लाख लावायची, जोडावर सही करायची, आणि ते गेटवरच्या खोलीत जमा करून रजिस्टरमध्ये लिहायचं. सकाळी ज्याची सही त्यालाच पाकीट मिळणार. एकदा एका डायरेक्टर साहेबांना माझ्या रजेच्या दिवशी एक फाइल हवी होती. गार्डनं पाकीट दिलं नाही. साहेबांनी आकाशपाताळ एक केलं, तरी दिलं नाही. दुसऱ्या दिवशी मला बोलावलं तेव्हा मी म्हणालो, गार्डनं बरोबर केलं. साहेब लाल झाले, पण माझं काही वाकडं करू शकले नाहीत. नियम माझ्या बाजूला होता. ही गोष्ट मी घरी इतक्या वेळा सांगितली की मुलगा सुरुवात ऐकूनच उठून जायचा.

दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही बावीस वर्षं काढली. शेजारी एकीकडे मल्याळी, दुसरीकडे बंगाली. आमच्या घरची सातवी शिकलेली, म्हणजे माझ्यापेक्षा तीन इयत्ता वर, आणि हे तिनं मला एकदाही ऐकवलं नाही. माझे रजेचे अर्ज ती मराठीत लिहून द्यायची, मी ते ऑफिसात कुणाकडून हिंदीत करून घ्यायचो. हिंदी ती तिथेच शिकली, शेजारणींशी बोलून बोलून. चांगली फर्राटेदार बोलायची. रिटायर झाल्यावर आम्ही मुलाकडे नोएडाला आलो. सोसायटी मोठी, आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. मुलगा कॉम्प्युटरच्या कंपनीत, सून शाळेत, ती मेरठकडची. मुलाला मराठी येतं, पण त्याला मुरड घालणं म्हणजे काय विचारा, तो मोबाइलमध्ये बघेल.

ही विसरायला लागली तेव्हा आधी हिंदी गेली. हे आम्हाला बरेच दिवस कळलं नाही. सून काही बोलली की ही नुसती हसायची. सुनेला वाटलं सासूबाई रुसल्या. मग एक दिवस ही मला म्हणाली, "अहो, ही बाई रोज येते, चांगली आहे, पण काय बोलते ते कळत नाही हो."

डॉक्टरांकडे नेलं. तरुण डॉक्टर, इंग्रजीत बोलणारा. मुलाशी बोलताना तो म्हणाला, "शी विल कीप फर्गेटिंग." मी ऐकलं. घरी येताना गाडीत मुलाला विचारलं, "डॉक्टर कीप म्हणाला ना रे?"

"हो बाबा."

"मग? काय काय राहील?"

मुलगा गाडी चालवत होता. सिग्नलला गाडी थांबली. मग म्हणाला, "बाबा, तो वेगळा कीप. म्हणजे विसरतच राहणार. थांबणार नाही ते."

मी खिडकीबाहेर बघत बसलो. इतकी वर्षं त्या शब्दाला मी ओळखत होतो, आणि हे त्यानं मला कधी दाखवलं नव्हतं.

दोन महिन्यांनी मी दूध आणायला खाली गेलो तेवढ्यात ही दार उघडून बाहेर पडली. मेट्रो स्टेशनच्या जिन्यावर सापडली, अनवाणी. कुणाला तरी लक्ष्मीबाई नगरचा क्वार्टर नंबर सांगत होती, तो मात्र बरोबर. त्या दिवसापासून मी बाहेरच्या लोखंडी जाळीच्या दाराला नवीन कुलूप बसवलं. खाली जायचं तर बाहेरून कुलूप. चाव्या दोन, दोन्ही एका कडीत, माझ्याकडे.

मुलगा म्हणाला, "एक मला द्या."

"तू दिवसभर ऑफिसात. तुला कशाला?"

"मग समोरच्यांकडे ठेवा."

"परक्याच्या घरात आपली चावी? मी सदतीस वर्षं चावी सांभाळली आहे. मला शिकवू नकोस."

आणि मी केलं ते असं. खाली जाताना चाव्या पाकिटात घालायचो, तोंडाला चिकटपट्टी लावायचो, जोडावर सही, आणि पाकीट गेटवरच्या गार्डकडे. मी रस्त्यात पडलो, मेलो, तर चावी कुठे हे लोकांना कळावं. यात चूक काय होती ते मला अजून दाखवता येत नाही. गार्डला बजावून ठेवलं होतं, माझ्याशिवाय कुणाला द्यायचं नाही. एकदा सून लवकर घरी आली, मी कोपऱ्यावर भाजी घेत होतो, गार्डनं पाकीट तिला देऊन टाकलं. मी सोसायटीच्या सेक्रेटरीकडे लेखी तक्रार दिली. त्या गार्डची आठ दिवसांत दुसरीकडे बदली झाली. सून म्हणाली, "पापाजी, मैं तो घर की हूँ." मी म्हणालो, "बात घर की नहीं है, बात नियम की है."

नवीन गार्ड आला. चाळिशीचा, बुंदेलखंडचा, अबोल. आधीच्याचं काय झालं ते त्याला पहिल्याच दिवशी कळलं असणार.

नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. मुलगा म्हणाला, "बाबा, आता मोबाइलवर चेहरा दाखवला की होतं. पाच मिनिटं." मी म्हणालो, "मी जिवंत आहे हे मोबाइलनं सांगायची गरज नाही. मी जाऊन सांगीन." माझं खातं अजून लक्ष्मीबाई नगरजवळच्या जुन्या बँकेत आहे, ते मी बदलू दिलेलं नाही. सून म्हणाली, मी हाफ डे घेते, मम्मीजींजवळ थांबते. मी नको म्हणालो. तास-दीड तासात परत येतो म्हणालो. नोएडाहून तिथे जाऊन तास-दीड तासात कुणी परत येत नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं.

सकाळी हिला चहा दिला, खुर्चीत बसवलं. "अगं, मी जाऊन येतो. दाराकडे जाऊ नकोस."

"या," ती म्हणाली. "छत्री घ्या." ऊन होतं.

रोज बाहेर पडण्यापूर्वी मी गॅसचा मागचा कॉक बंद करतो. त्या दिवशी केला नाही. चहा केला, कपडे चढवले, दाखल्याचे कागद पिशवीत घातले, कागद दोनदा तपासले. कॉक राहिला.

बँकेत रांग होती. भिंतीवर पाटी होती, कीप युवर मोबाइल स्विच्ड ऑफ. तिथे बसलेल्या सगळ्यांचे मोबाइल चालू होते. मी माझा बंद केला. तिथे जुने दोघे-तिघे भेटले, गप्पा झाल्या. मी जिवंत असल्याचं काउंटरवरच्या बाईंनी कॉम्प्युटरवर लिहून घेतलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

मधल्या वेळात घरी काय झालं ते मला नंतर आमच्या समोरच्या घरातल्या बाईंनी सांगितलं. हिला भूक लागली असावी, किंवा मी येणार म्हणून भाकरी करायचं डोक्यात आलं असावं. तवा ठेवला, गॅस पेटवला. आणि तव्यावर भाकरी आहे असं समजून ती उलटायला हात लावला. पूर्ण तळवा. मग ती जाळीच्या दाराशी आली आणि हाका मारायला लागली. समोरच्या बाई बाहेर आल्या. जाळीतून हात दिसत होता, आतून धूर येत होता, आणि ही मराठीत बोलत होती. बाई म्हणाल्या, "माताजी बस एक ही बात बोल रही थीं, भाजलं, भाजलं. हमने पूछा गैस बंद किया क्या, तो समझीं ही नहीं."

बाईंचे यजमान धावत गेटवर गेले. पाकीट ड्रॉवरमध्ये होतं. गार्ड म्हणाला, "अंकलजी का साइन है, अंकलजी ही खोलेंगे." यजमान ओरडले, शिव्या दिल्या. गार्ड हात जोडून म्हणाला, "साहब, मेरी नौकरी चली जाएगी." माझा फोन बंद. सुनेला फोन लावला. तिनं फोनवरून गार्डला सांगितलं, रडून सांगितलं. तो म्हणाला, "मैडम, आपको देने का भी मना है, लिखके दिया हुआ है." ते खरं होतं. लिहून मीच दिलं होतं.

सोसायटीचा प्लंबर शोधायला कुणी गेलं, कुणी हातोडी आणली, पण ते कुलूप मी निवडून घेतलं होतं. जाळीला हातोडीनं काही होत नव्हतं. कुणीतरी इमारतीचा गॅसचा मेन कॉक बंद केला, तेवढं बरं झालं. समोरच्या बाईंनी ओली ओढणी जाळीतून आत दिली, हाताला गुंडाळा म्हणून. हिनं ती घेतली. पिळली. आणि भाजलेल्या हातानं तिच्या घड्या घालत बसली, वाळलेले कपडे काढून आणल्यासारख्या. नीट चौकोनी घडी करून जाळीतून परत दिली. बाई मला हे सांगताना रडल्या. मी त्यांना म्हणालो, पाणी घ्या.

सून चाळीस मिनिटांनी रिक्षातून आली. गार्डच्या हातातून पाकीट हिसकावून तिनं फाडलं.

मी स्टेशनवर उतरून फोन चालू केला तेव्हा ते हॉस्पिटलात पोचले होते.

हात बरा होत होता, पण ही पट्टी ठेवायची नाही. सोडायची, घडी करायची, उशीखाली घालायची. मुलानं एक रविवारी मला समोर बसवलं. तो चिडला की त्याचं मराठी आटतं. म्हणाला, "बाबा, वी कान्ट कीप हर लाइक धिस."

मी म्हणालो, "कोणत्या वर्गात? कायमचं की फाडेपर्यंत?"

असं बोलायला नको होतं. माझ्या तोंडून ते आपोआप निघालं. मुलगा उठून उभा राहिला. "प्लीज बाबा. आई आहे ती." आणि आत गेला. सून तिथेच होती. तिनं कप उचलले. जाता जाता म्हणाली, "पापाजी, एक चाबी मुझे दे देते तो..." पुढे बोलली नाही. तिनं पुढे बोलायला हवं होतं. भांडली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

गार्डला मी भेटलो. तो उठून उभा राहिला, सलाम केला. त्याला वाटलं मी आता त्याच्यावरही तक्रार करणार. मी म्हणालो, "तुमने ठीक किया." एकदा हेच वाक्य मी दुसऱ्या गार्डसाठी बोललो होतो, छाती काढून. या वेळी त्याच्या ड्रॉवरकडे बघत बोललो. तो म्हणाला, "माताजी कैसी हैं?" मी वर आलो.

गाझियाबादला अशा माणसांना ठेवून घेणारी एक जागा मुलानं शोधली होती. मी नाही म्हटलं. दोन महिने मी घराबाहेर पाऊल टाकलं नाही. दूध सून आणायची. चाव्या मी दोघांना दिल्या, एक मुलाला, एक तिला; माझ्यासाठी तिसरी करवून घेतली. आता मी सगळं नीट करणार होतो. पण ही मला घाबरायला लागली. मी दाराकडे गेलो की ती भिंतीला टेकायची. "अहो, कुलूप लावताय का? नका ना लावू." मी सांगायचो, मी आतच आहे, कुठे जात नाही. तिला ते पटायचं नाही. दिवसभर जाळीजवळ बसायची, जेवायला उठायची नाही. कुलूप काढलं की बाहेर चालू पडायची, लावलं की किंचाळायची. सुनेनं लावलं तर इतकं नाही. मुलानं लावलं तर नाही. माझ्या हातात चावी दिसली की. सकाळी एकदा मी तिला वरणभात भरवत होतो, तिनं माझा हात बाजूला केला आणि अगदी सभ्यपणे विचारलं, "तुम्ही इथले चौकीदार का?"

त्या संध्याकाळी मुलगा आल्यावर मीच म्हणालो, "ती गाझियाबादची जागा बघून ये."

तो बूट काढत होता, तसाच खाली बसून राहिला. मग म्हणाला, "तुम्ही पण चला बघायला."

जागा बरी आहे. चार मजली घर, गच्ची, खोल्यांना कुलपं नाहीत, फक्त खालच्या गेटवर माणूस. पण मराठी कुणाला येत नाही. हिची देखभाल करणारी बाई गोरखपूरकडची, पंचेचाळिशीची, तिला सगळे दीदी म्हणतात. मी तिला हिंदीत विचारलं, हिनं पाणी मागितलं तर कळेल? ती म्हणाली, "पानी तो पानी ही होगा ना अंकल?" मी म्हणालो, पाणी कळेल, बाकीचं नाही कळणार.

मग मी घरी बसून यादी केली. हिंदीची आणि आपली अक्षरं एकच, तेवढी सोय आहे. डाव्या बाजूला आपला शब्द, उजवीकडे हिंदी. पहिला शब्द लिहिला, भाजलं. मग दुखतंय, भूक, गार, ऊन, पांघरूण, लघवी, नको, बास, ओकारी. चौतीस शब्द झाले. सुनेनं दोन दिवस हाताखाली काम केल्यासारखं मला हिंदी सांगितलं, मी लिहिलं. ओकारीला हिंदीत काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं, ते मी कबूल करतो.

पहिला आठवडा घरच्यांनी यायचं नाही, असा तिथला नियम. नियम म्हटल्यावर मी गेलो नाही. आठव्या दिवशी गेलो. दीदी गेटवरच भेटली आणि तक्रार सुरू केली. "अंकल, आपने लिखा ठेव माने रखो. माताजी बोलीं चहा ठेव. मैंने कप मेज पे रख दिया. बहुत गुस्सा हो गईं!"

मी तिला समजावलं. चहा ठेव म्हणजे गॅसवर चढव. हात ठेव म्हणजे डोक्यावर हात ठेव, डोकं दुखत असेल तेव्हा म्हणते. ठेवून दे म्हणजे नको आहे, घेऊन जा. दीदीनं कपाळावर हात मारला. "एक शब्द में इतना काम!" मला जरा बरं वाटलं. मी म्हणालो, अजून आहेत, पण तुला एवढे पुरतील. तिनं सगळे पेन्सिलीनं यादीच्या कडेला लिहून घेतले.

मग ती म्हणाली, "एक शब्द आपकी लिस्ट में है ही नहीं. कुलूप."

मी यादीकडे बघितलं.

"दिन में दस बार बोलती हैं. कुलूप क्या होता है?"

"ताला."

"ताला माँगती हैं?"

"नहीं. डरती हैं."

दीदी लिहिता लिहिता थांबली. "किसने लगाया था?"

मी म्हणालो, "मैंने."

तिनं शब्द लिहिला, यादी घडी करून एप्रनच्या खिशात टाकली. मग खाली बघत म्हणाली, "अंकल, बुरा मत मानिए. आज सुबह भैया आए थे, उनके हाथ से खाना खाया. आप थोड़े दिन सामने मत आइए. खाने लग जाएँ पहले."

मला आयुष्यात डायरेक्टर साहेबांनी काही सांगितलं तरी मी आधी नाही म्हणायचो. तिला मी बरं म्हणालो.

आता आठवड्यातून तीनदा जातो. वर जात नाही. गेटजवळ बाक आहे, तिथे बसतो. दीड वाजता वर जेवणं होतात. हिचं झालं की दीदी गॅलरीत येते आणि हात वर करते. जेवली नसेल तर येत नाही. दोन वाजेपर्यंत वाट बघतो आणि मग मेट्रोकडे निघतो.